सर, एक विचारू? : या अंकात फक्त क्लेमेंटे

गेल्या अंकात भालाफेक करणाऱ्या एका मुलीला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो की, भाला फेकून तयार झालेला एक नामी हात बेसबॉलवाल्या रॉबर्टो क्लेमेंटेचा होता, आणि तो माणूस समुद्रात गेला. एवढंच. त्यावर अकरा पत्रं आली. संपादकांनी ती सगळी विजयदुर्गला माझ्या पत्त्यावर पाठवली, वर चिठ्ठी: 'सर, आता तुम्हीच निस्तरा.' दहावीच्या मुलांनी खो-खोतल्या गुडघ्याबद्दल विचारलेले प्रश्न पुढच्या अंकात घेतो. गुडघे थांबतील. थांबले नाहीत तर डॉक्टरकडे जा.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. झाडावरचा आंबा दगडाने बरोब्बर पाडतो आणि त्यावरून आम्ही शेजाऱ्यांची बोलणी खातो. तुमचं वाचल्यापासून म्हणतो, मी क्लेमेंटे होणार. हा कोण ते तरी कळू दे. — एक आई, देवगड

ताई, आधी शेजाऱ्यांचे आंबे भरून द्या. देवगडात दगडाने हापूस पाडणं म्हणजे सोनाराच्या दुकानात गोट्या खेळण्यासारखं आहे.

क्लेमेंटे पोर्तो रिकोचा. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट: माड, ऊस, केळी, पाऊस आणि वादळं. तिथल्या कॅरोलिना गावात १८ ऑगस्ट १९३४ला तो जन्मला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. सात भावंडांत हा शेंडेफळ. जुनी सायकल हवी होती, तर वडील म्हणाले, कमव आणि घे. शेजाऱ्याची दुधाची बरणी रोज वाहून नेत पैसा पैसा जमवायला त्याला तीन वर्षं लागली म्हणतात. पहिली बॅट पेरूच्या फांदीची, पहिला ग्लोव्ह कॉफीच्या पोत्याचा, चेंडू चिंध्यांचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमची बॅट माडाच्या चुडताच्या देठाची असायची, आणि चेंडू म्हणजे चिंध्यांवर सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरं. तो भिजला की दगडाएवढा जड व्हायचा. कोकणातल्या पोरांचे खांदे त्या भिजक्या चेंडूने घडलेत असं माझं मत आहे, शास्त्रात नसेल.

हायस्कुलात तो भाला फेकायचा. आता तुमच्या मुलासाठी कामाचं सांगतो. दगड मनगटाने भिरकावला जातो. भाल्याला ते चालत नाही. भाला पायांपासून सुरू होतो, कमरेतून वळतो, खांद्यावर चढतो आणि सगळ्यात शेवटी हातातून सुटतो. क्लेमेंटेचा चेंडू तसा सुटायचा. तो राईट फील्डला उभा राहायचा, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या उजव्या अंगाला, पार मैदानाच्या टोकाशी. बेस म्हणजे पळणाऱ्याने ओळीने गाठायचे थांबे; तिथून तिसरा बेस सगळ्यात लांब. चेंडू त्या कोपऱ्यात गेला की पहिल्या बेसवरचा खेळाडू बेधडक तिसऱ्यापर्यंत पळतो, हा सगळ्यांचा हिशेब. क्लेमेंटे धावत जाऊन भिंतीजवळून चेंडू उचलायचा, उडी मारत अंगाला पीळ द्यायचा, आणि चेंडू तिसऱ्या बेसवर उभ्या असलेल्याच्या ग्लोव्हमध्ये. १९६१च्या एका मोसमात त्याच्या फेकीवर २७ जण बाद झाले. पुढे पुढे लोक पळेनासेच झाले. दुसऱ्या बेसवर थांबायचे आणि मान वळवून त्याच्याकडे बघायचे. न टाकलेल्या चेंडूने थोपवलेली ती माणसं कुठल्या आकड्यात मोजणार?

१८व्या वर्षी, १९५२मध्ये, तो पोर्तो रिकोतल्या सान हुआन शहराच्या सान्तुर्से भागातल्या व्यावसायिक संघात गेला. संघाचं नाव कांग्रेहेरोस, आपल्या भाषेत कुर्ल्या पकडणारे. मालवणात असा संघ काढला तर नावावर भांडण होणार नाही, वाटपावर होईल. १९५४मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बड्या अमेरिकन संघाने त्याला १०,००० डॉलर बोनस देऊन घेतलं. पण त्या वेळी नियम होता: ४,०००च्या वर बोनस दिलेला नवा खेळाडू मुख्य संघात ठेवा, नाहीतर मोसम संपल्यावर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. डॉजर्सनी त्याला कॅनडात माँट्रियलच्या दुय्यम संघात पाठवलं आणि फारसं खेळवलंच नाही, कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. मागच्या दारी झाकून ठेवलेल्या कोंबड्यासारखं. पण कोंबडा आरवतोच. पिट्सबर्ग पायरेट्सचा माणूस तिथे भलत्याच एका पिचरला, म्हणजे बॅटवाल्याला चेंडू टाकणाऱ्याला, बघायला आला होता. त्याने सरावात या पोराची फेक बघितली. नोव्हेंबर १९५४मध्ये पायरेट्सनी ४,००० डॉलर मोजून त्याला नेलं. १७ एप्रिल १९५५ला तो त्यांच्याकडून पहिला सामना खेळला, आणि १९७२पर्यंतचे १८ मोसम त्याच एका संघाकडून.

पायरेट्स म्हणजे चाचे. मी विजयदुर्गात राहतो, म्हणून एवढं बोलून घेतो: आमच्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचेच म्हणायचे. तेव्हा हा संघ मी आपलाच धरतो. वाद घालायचा असेल त्याने किल्ल्यावर येऊन घालावा.

प्रश्न : क्लेमेंटेची सरासरी .३१७ होती असं मी शोधून काढलं. शून्याच्या पुढे टिंब! आपल्याकडे एवढ्यावर शाळेच्या संघातून काढतील. आणि ३,००० रन्स तर कोणीही करतो. — बी.एस्सी.चा एक विद्यार्थी, रत्नागिरी

बाळा, ते रन्स नाहीत. ते हिट्स आहेत, म्हणजे असा फटका की मारणारा सुखरूप बेसवर पोचला. १,००० वेळा बॅट घेऊन उभं राहिलास आणि ३१७ वेळा तसा फटका बसला की सरासरी .३१७. दहातले सात वेळा हात हलवत परत यायचं, आणि तरी लोक तुला थोर म्हणणार, असा हा खेळ आहे. कारण बघ. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, आणि तो ६० फूट ६ इंचांवरून येतो, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. क्रिकेटचं पिच वीस मीटरच्या वर. तुझी बॅट सपाट, त्याची गोल. गोलावर गोल. मुसळाने लिंबू मारून बघ, बी.एस्सी.ला आहेस तर कोनही मोजून बघ.

चार वेळा तो आपल्या लीगचा अव्वल फलंदाज होता: १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७. शेवटच्या वेळी सरासरी .३५७. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार सलग १२ वर्षं. आणि ही सगळी कमाई दुखऱ्या पाठीवर. १९५४च्या डिसेंबरात, पायरेट्सकडून अजून एकही सामना खेळला नव्हता तेव्हा, एका दारुड्याने चौकात त्याच्या गाडीला धडक दिली. मणक्याच्या चकत्या दुखावल्या त्या जन्माच्या. बॅटिंगला जाताना तो मान या बाजूला, त्या बाजूला वळवायचा, कडकड मोडायचा. तिकडचे पत्रकार लिहायचे, सोंग करतो. मग तो उभा राहायचा आणि मारायचा.

प्रश्न : क्लेमेंटे मोठा की तेंडुलकर? — एक वाचक, कुडाळ

मला या गावात अजून राहायचंय.

प्रश्न : जुन्या चित्रकार्डांवर त्याचं नाव 'बॉब क्लेमेंटे' दिसतं. तुम्ही रॉबर्टो लिहिता. दोन वेगळे खेळाडू की एकच? — मूळ कणकवलीचा, सध्या मुंबईत

एकच. आणि बरं झालं विचारलंत, कारण मला या माणसाबद्दल मनापासून सांगायचं असेल तर हेच आहे.

अमेरिकेतल्या पत्रकारांना आणि समालोचकांना रॉबर्टो म्हणणं जड जायचं, की त्यांना तो आपल्यातला करून घ्यायचा होता, कोण जाणे. त्यांनी त्याचं 'बॉब' केलं, 'बॉबी' केलं. मुलं जमवतात त्या कार्डांवर १९५७पासून १९६९पर्यंत बॉब छापलं गेलं. तो सांगत राहिला: माझं नाव रॉबर्टो. त्याचं इंग्रजी मोडकं होतं, स्पॅनिश वळणाचं. वर्तमानपत्रं त्याचं बोलणं जसंच्या तसं, उच्चारांच्या चुकांसकट छापायची. म्हणजे सामना जिंकून दिला त्यानेच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत हसूही त्याचंच. मुंबईच्या ऑफिसात 'काय गाववाले, खंय चाललास' अशी आपली नक्कल ऐकलेली असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शिवाय तो काळा होता. अमेरिकेच्या बड्या बेसबॉलमध्ये आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, १९४७मध्ये आला. क्लेमेंटे त्यानंतर आठ वर्षांनी. फ्लोरिडातल्या सराव शिबिराच्या दिवसांत बस खाणावळीपाशी थांबली की गोरे खेळाडू आत बसून जेवायचे आणि काळ्यांनी बसमध्ये बसून राहायचं, कोणीतरी पुडकं आणून देईपर्यंत. क्लेमेंटेने सांगितलं, ते पुडकं मला नको. वेगळी गाडी द्या, आम्ही जातो जिथे जेवायला मिळेल तिथे. गाडी मिळाली.

तिकडच्या रिवाजात आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं आडनाव, मग आईचं. म्हणून पूर्ण नाव रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. वॉकर हे आईच्या माहेरचं. रोमन लिपीत या नावाची अक्षरं मोजा: सात, आठ आणि सहा. एकवीस. त्याच्या पाठीवरचा २१ आकडा तिथून आला असं सांगतात. तो गेल्यावर १९७३मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्याचा ब्राँझचा फलक लागला, तर त्यावर ओतलं होतं 'रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे'. उलटं! ते दुरुस्त झालं २०००मध्ये. सत्तावीस वर्षं ब्राँझमध्ये चूक.

आता माझं ऐका, म्हणजे मला हे इतकं का लागतं ते कळेल. मी एकदाच राज्य पातळीवर सॉफ्टबॉल खेळलो. स्पर्धेनंतर दोन महिन्यांनी पोस्टाने प्रमाणपत्र आलं. टाईप करणाऱ्याने माझं नाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल केलेली. म्हणजे कागदोपत्री माझे वडील, वय तेव्हा त्रेपन्न, धंदा शेती आणि चार कलमं, हे उत्कृष्ट शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक. नोकरीच्या वेळी ते प्रमाणपत्र दाखवलं तर साहेब म्हणाले, हे तुमचं नाही. दुरुस्तीसाठी जिथे जाईन तिथे 'अर्ज ठेवून जा'. तीन अर्ज ठेवून आलो. दुरुस्त प्रत आजतागायत आलेली नाही. शेवटी वडिलांनी ते मूळ प्रमाणपत्र माझ्या हातातून घेतलं, काच बसवून ओटीवर लावलं आणि म्हणाले, "माझ्या नावाचा आसा, मी लावतलंय." येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे. पाव्हण्यांपैकी एकानेही कधी विचारलं नाही की, दादा, तुम्ही कधी खेळलात?

१९७१ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, पायरेट्स बाल्टिमोरच्या संघाशी खेळले. क्लेमेंटे ३७ वर्षांचा, सातही सामन्यांत हिट, सरासरी .४१४. शेवटच्या सामन्यात त्याचा होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि पायरेट्स २-१ने जिंकले. १९६०च्या वर्ल्ड सिरीजमध्येही सातही सामन्यांत त्याची हिट होती, पण तेव्हा कौतुक दुसऱ्यांचं झालं. या वेळी मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. टीव्हीवाल्यांनी तोंडापुढे माईक धरला. सगळी अमेरिका बघत होती. त्याने सांगितलं, आधी दोन शब्द माझ्या आईवडिलांशी बोलतो, स्पॅनिशमध्ये. आणि त्याने स्पॅनिशमध्ये मुलांना आशीर्वाद दिला आणि आईवडिलांकडे स्वतःसाठी आशीर्वाद मागितला. बघणाऱ्या बहुतेकांना अक्षर कळलं नसेल. त्या दिवशी ते त्यांचं दुखणं होतं.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर. कोपर आतल्या बाजूने दुखतं. कोच म्हणतात, सवय होईल. — एक वडील, चिपळूण

होणार नाही. फेकणं आज बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे उद्या. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं; दर फेकीला तिथे ओढ बसते. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलच्या, मार्गदर्शक नियमांत १३-१४ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे फेकी, सांगितल्यात, आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांनी ६६ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर पुढचे चार दिवस पूर्ण विश्रांती. ती वरची हद्द आहे, रोजचा रतीब नव्हे. कोचना वहीत मोजायला सांगा. वही नसेल तर वाळलेल्या चिंचोक्यांनी मोजा, पण मोजा.

मोठेपणी तिथलेच अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, तुटतात. १९७४मध्ये टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायूबंध बसवून पहिली शस्त्रक्रिया झाली, म्हणून आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तो १९७६ला परत आला आणि पुढे बरीच वर्षं खेळला. पण ती मोठ्या माणसांची गोष्ट. तुमच्या मुलीला तिथवर जाऊ देऊ नका.

प्रश्न : आपल्या देशातलं कोणी तिकडे व्यावसायिक बेसबॉल खेळलंय का? की नुसतीच स्वप्नं? — एक तरुण, सावंतवाडी

खेळलंय. २००८मध्ये भारतात एक फेकीची स्पर्धा झाली: बेसबॉल जोरात आणि नेमका टाका, बक्षीस मिळवा. त्यातून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू पुढे आले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघांनीही त्याआधी बेसबॉल खेळलेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्याशी करार केला तो कोणी? पिट्सबर्ग पायरेट्सनी. पुन्हा भाला, पुन्हा तेच चाचे. मला तर वाटतं त्या ऑफिसात कुठेतरी क्लेमेंटेचा भाला टांगलेला असणार.

दिनेश २०१०मध्ये परतला. रिंकू दुय्यम लीगमध्ये काही मोसम टिकला, मग वर सांगितली तीच कोपराची शस्त्रक्रिया त्याच्याही वाट्याला आली. मुख्य संघापर्यंत तो पोचला नाही. पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. याला तुम्ही अपयश म्हणाल तर मी भांडेन. दुय्यम लीग म्हणजे बसचे लांबलचक प्रवास, तुटपुंजा पगार, आणि रोज सकाळी एक नवीन पोरगा तुमची जागा घ्यायला आलेला. परक्या देशात, परक्या भाषेत आणि परक्या खेळात एवढं टिकायचं!

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आपल्या शालेय स्पर्धांच्या यादीत आहेत. तुमची शाळा सुटली असेल तर जवळच्या क्रीडाशिक्षकाला गाठा. त्याच्याकडे बहुधा एक बॅट, दोन ग्लोव्ह आणि खूप वेळ असतो. मी स्वानुभवाने सांगतो.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत तो समुद्रात गेला. कसा? होडीने? आणि एवढा मोठा माणूस, दुसऱ्याला का नाही पाठवलं? — एक तांडेल, हर्णै

तांडेलदादा, विमानाने. पण तुम्हाला त्यातलं अर्धं मी सांगायच्या आधीच कळेल.

१९७२चा मोसम संपत आला होता. ३० सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकला त्याने दोन बेसचा फटका मारला. ती ३,०००वी हिट. आदल्या संध्याकाळीही एक फटका गेला होता, पण स्कोअररने ती क्षेत्ररक्षकाची चूक धरली, म्हणून एक रात्र थांबावं लागलं. पुढच्या मोसमात ३,००१वी होईल असंच सगळे धरून चालले होते. त्याच हिवाळ्यात तो पोर्तो रिकोच्या हौशी संघाला घेऊन निकाराग्वात गेला होता, मॅनेजर म्हणून. तो घरी परतल्यावर, २३ डिसेंबरला, निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने जमीनदोस्त झाली.

क्लेमेंटे ऐन नाताळात मदत गोळा करत बसला. अन्न, कपडे, औषधं. सामान गेलं, आणि निरोप आला की ते लोकांपर्यंत पोचत नाही. तिथल्या सरकारची माणसं मधेच अडवतात. त्यावर त्याचा हिशेब साधा होता: मी सोबत असलो तर हात लावणार नाहीत. माझं नाव तिथे ओळखतात.

३१ डिसेंबर १९७२च्या रात्री सान हुआनहून जुनं डीसी-७ विमान सुटलं. त्यात पाच माणसं. वजन परवानगीपेक्षा ४,००० पौंडांहून जास्त, म्हणजे जवळपास दोन टन. तुम्ही होडीत माल भरताना पाण्याच्या रेघेकडे बघता, ती बुडायला लागली की माल उतरवता, मालक काही बोलो. इथे रेघ कोणी बघितली नाही. वर चढताच इंजिनाने दगा दिला आणि किनाऱ्यापासून मैल-दीड मैलावर विमान पाण्यात गेलं. तो ३८ वर्षांचा होता. थोरला मुलगा सात वर्षांचा.

पोर्तो रिकोतले लोक दिवसचे दिवस किनाऱ्यावर उभे होते. पायरेट्सचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्यामागे बसून चेंडू पकडणारा, मॅनी सांगियेन, त्याचा जिवलग, शोकसभेला गेलाच नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरत होता, पुन्हा पुन्हा. पायलटचा देह मिळाला. क्लेमेंटेचा मिळाला नाही. हर्णैच्या माणसाला मी याहून जास्त काय सांगू? तुमच्याकडेही अशी घरं असतील जिथे कोणाच्या तरी परतण्याची तारीख पक्की होत नाही.

हॉल ऑफ फेमसाठी खेळाडू थांबल्यावर पाच वर्षं जावी लागतात. त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून १९७३मध्येच त्याला घेतलं. लॅटिन अमेरिकेतला पहिलाच खेळाडू. पिट्सबर्गच्या आजच्या मैदानात राईट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे.

स्वतः का गेला, हा तुमचा प्रश्न मात्र मी बरीच वर्षं जवळ बाळगून आहे. २०२१च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आमच्या गावातून तांदूळ आणि चादरींचा टेम्पो निघाला. मी ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. हायवेलगतच्या वाड्यांवर तोवर तीन तीन गाड्या रिकाम्या झाल्या होत्या. आतल्या एका वाडीत आम्ही पोचलो, तर एक म्हातारी चिखलातून वर आली आणि तिने पहिलं काय विचारलं तर, तुम्ही कुठले? तिला चादर नंतर हवी होती, आधी माणूस कुठला ते हवं होतं. टेम्पोतून जाताना क्लेमेंटे डोक्यात होता, खोटं कशाला सांगू. पण माझा टेम्पो जमिनीवरून चालला होता, आणि रात्री जेवायला मी घरी होतो.

प्रश्न : मामाने दुबईहून बेसबॉलचा ग्लोव्ह आणलाय. पावसात त्याला हिरवी बुरशी आली. आई म्हणते फेकून दे. आणि तो डाव्या हाताचा आहे, मी तर उजवा. — इयत्ता सातवी, आचरा

आईला सांग, सरांनी नको म्हटलंय. उजव्याने फेकणारा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, म्हणजे फेकायला उजवा मोकळा. मामाने बरोबर आणलाय.

बुरशी कोरड्या फडक्याने पूस, वाऱ्यावर सावलीत ठेव, उन्हात नाही, चामडं तडकतं. मग खोबरेलाचे दोन थेंब, खरंच दोनच, बोटाने चोळायचे. आत चेंडू ठेवून सुतळीने बांध आणि रात्री उशाखाली घे. पावसाळ्यात चुलीच्या वर, फळीवर ठेवलास तर बुरशी येत नाही, पण ग्लोव्हला सुकटीचा वास लागतो. चालवून घे.

माझा ग्लोव्ह चुलतभावाने आणलेला. तो बोटीवर होता. १९८४मध्ये त्याची बोट सान हुआनला लागली आणि त्याने तिथल्या बाजारातून तो घेतला, वर क्लेमेंटेची सही उठवलेली. घरी पिशवीतून काढला तेव्हा काकी म्हणाली होती, "ह्या काय रे हाडलंस, बैलाचो खूर?" मी तेव्हापासून दर जूनला त्याला तेल लावतोय, आणि दोन थेंब ही अक्कल मला फार उशिरा आली. सहीतलं आडनाव आता बोटालाही लागत नाही, आणि पुढच्या 'रॉबर्टो'तली निम्मी अक्षरं माझ्या खोबरेलाने खाल्ली आहेत.